पेटी आणि आबांची चढ

मुक्काम सिरसाळा
माघ वद्य तृतीया, शके १८३२

तीर्थस्वरूप आप्पादादास उत्तरेश्वरचा दंडवत. घरी सगळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तू मोमिनाबादच्या छावणीत बँडवाल्यांची वाद्यं पुसतोस, तिथं तरी खुशाली असावी.

तू धाडलेल्या भात्याच्या दोन्ही पेट्या पोचल्या. एक ठेव, दुसरी परत कर म्हणालास. तेव्हापासून मी एक उचलतो, ती ठेवून दुसरी उचलतो. तुझी भावजय अंजना म्हणते, चुलीवर दूध ठेवल्यागत काय उठबस चाललीय.

धाकटी, ती कॉन्सर्टिना, गुणाची आहे. भाता ओढा की दाबा, एका बटणाचा सूर एकच. गोंधळात आपल्या आबांचा ‘उदो’ कितीही लांबला तरी सोबत राहते. पण चुलतभाऊ बंकटनं संबळावर हात टाकला की ती सासूपुढच्या नव्या सुनेसारखी ऐकूच येत नाही.

थोरली अकॉर्डियन दांडगी. ओढलं की एक सूर, दाबलं की त्याच बटणातून दुसरा. भात्याच्या हिसक्यानं ठेका आपोआप धरते, बसलेल्याचे पाय हलतात. लांब सूर धरावा तर मात्र मध्येच भाता संपतो, आणि उलटा फिरवला की सूरच पालटतो.

मी थोरलीच घेऊन गेलो, शुक्रवारी सुंदररावांच्या लग्नघरी. लोक लई खूश झाले. एवढं लिहून दोनदा अंगणात जाऊन आलो.

कथा रंगली की आबा सुरात वर चढतात, तुला ठाऊक आहे. तू त्यांच्याकडं न बघता तुणतुण्याची खुंटी पिळायचास, तार त्यांच्याबरोबर वर जायची. माझा हात त्यात जड, म्हणून तर पेटी मागवली. पण पेटीला पिळायची खुंटीच नसते, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? आबा चढले, पेटी जागची हलली नाही. दोन्ही सूर भांडायला लागले. मी वाजवतच राहिलो, लोक डोलत होते ना. मग आबा खाली आले. जन्मात पहिल्यांदा.

घरी येताना एवढंच म्हणाले, "पेटी चढंना, म्हून मीच उतरलो."

तेव्हापासून गायले नाहीत. येत्या मंगळवारी बबनराव पाटलांकडं गोंधळ आहे. आबा उभे राहिले नाहीत तर पिढ्यांचा मान दुसऱ्या घराकडं जाईल. मला त्याहून आबांचीच काळजी वाटते. नीट जेवतसुद्धा नाहीत, दादा. गोंधळ सोडून तू छावणीत गेलास तेव्हा त्यांनी तुझं नाव टाकलं, म्हणून मीही इतके दिवस तुझ्याशी पेट्यांचंच बोलत राहिलो.

काल त्यांनी तुझं तुणतुणं भिंतीवरून काढलं. धूळ पुसली, तार पिळली, छेडली, पुन्हा सैल केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आप्प्याला सुट्टी कवा आसती, इचार बे."

विचारतोय. दोन्ही पेट्या कापसाच्या गाडीनं परत धाडल्या आहेत. गाडीवान सटवा सोमवारी तिकडून रिकामाच परततो.

तुझी तार सैल ठेवून वाट बघणारा
धाकटा उत्तरेश्वर