वापराचा रकाना

११ जानेवारी, शनिवार. वारजे

मी, रामदास चिंधू केंगले, वय ५६, वाणिज्य पदवीधर, हडपसरच्या एका कारखान्यात भांडारप्रमुख, मूळ कोंढाळवाडीचा महादेव कोळी. वाडीच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. तो मंजूर होईपर्यंतची नोंद येथे ठेवीन. पुढे स्मरणावर विसंबावे लागू नये.

दावा दाखल आहे. सुनावणी २३ला. हिरड्याची झाडे, पाणवठे, गुरचराई. प्रत्येकापुढे ‘वापर’ भरलेला, एकही रकाना रिकामा नाही. मंजुरी मिळाली की यंदापासून हिरडा कोणी गोळा करायचा, कोणाला विकायचा, हे वाडी ठरवील. उणीव शोधतो आहे, सापडत नाही. बायको सुनंदा म्हणाली, “उणीवच हवी असेल तर घरातला गीझर बघा.”

१२ जानेवारी, रविवार. वाडी

दावा मोठ्याने वाचून दाखवला. सगळे माना डोलावत होते. शेवटी चुलती हौसाबाईने विचारले, “आन् वरसूबाईची राई कुठं हाय यात?”

सांगितले: देवीच्या राईतून कोणी वाळकी काटकीही आणत नाही. वापर काय लिहायचा? रिकाम्या रकान्याने दावा कमकुवत होतो, म्हणून राई घेतली नाही.

“आमी काय घेत न्हाय, म्हून ती आमची न्हाय व्हय रं?”

मी कागद पिशवीत भरले.

नंतर बुधा, वनहक्क समितीचा अध्यक्ष नि शाळेपासूनचा सोबती, हळूच म्हणाला, राईत पर्यटकांसाठी फरसबंद वाट नि बाकडी होणार आहेत. वनखात्याची माणसे मोजून गेली. दाव्यात जे नाही, ते खात्याकडेच राहणार. म्हणजे राई मीच देऊन टाकली. वाडीला न विचारता, वारज्यात बसून.

१४ जानेवारी, मंगळवार. वारजे

उपविभागीय कार्यालयात फोन. दावा प्रलंबित आहे, पुरवणी जोडायची आहे, म्हटले. पलीकडचे लिपिक: “अहो, दावा आहे की मिसळ? मागाहून तर्री मागायला?”

मीही पुण्यात तीस वर्षे काढली आहेत. “तर्री नाही साहेब, पावच राहिलाय, आणि तो माझ्याकडून. पोच लेखी द्याल ना?”

लिपिक: “आणून द्या.”

त्यांच्यासाठी तिळगूळ न्यावा का, विचारात आहे.

१९ जानेवारी, रविवार. वाडी

राईची हद्द मोजायची होती. मला मध्यबिंदू हवा, म्हणून जीपीएस घेऊन सरळ आत निघालो. हौसाबाईने हात आडवा धरला. राईत लोखंड जात नाही. कोयते बाहेर, चपला बाहेर. “आन् त्ये यंतर बी.”

मध्यबिंदू नाही तर नाही. बाहेरून, कडेकडेने चालून मोजले. पुढे ती, मागे बुधा नि मी. कडेला जागोजागी दगड, प्रत्येकावर कोयता टेकवून टेकवून पडलेली खाच. रानात निघालेले लोक इथे कोयता ठेवून आत पाया पडायला जातात, येताना उचलतात. लहानपणी मीही ठेवला असेन. आठवत नाही, याची लाज वाटली.

नऊ दगड, नऊ छायाचित्रे. सांधले की राईची हद्द. वापराच्या रकान्यात लिहिले: ‘येथे कोयता खाली ठेवला जातो.’ भांडारात इतकी वर्षे नोंदी केल्या, इतकी नेमकी एकही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सुनावणी. उपविभागीय अधिकारी साहेब सभ्य. पुरवणी घेतली, छायाचित्रे दोनदा पाहिली. मग म्हणाले, राई वगळून द्या, उरलेल्याची शिफारस आजच करतो. राईसकट हवे तर फेरपडताळणी, खात्याचा अभिप्राय. यंदाचा हिरडा हातचा जाईल. “केंगले, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगून टाका.”

बुधा माझ्याकडे बघत होता. त्याला हिरडा हवा आहे. मलाही. ‘हो’ अगदी ओठांवर आले होते.

म्हणालो, “साहेब, मी एकदा वाडीला न विचारता ठरवलं, त्याचीच ही पुरवणी आहे. उत्तर ग्रामसभा देईल.”

बाहेर आल्यावर बुधा: “लई शाना झालास.” आणि एस.टी.च्या थांब्याकडे पुढे निघून गेला.

२६ जानेवारी, रविवार. वाडी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. बायका जास्त. माझे नाव वारज्याच्या मतदारयादीत, त्यामुळे मला मत नाही. आज प्रथमच टोचले.

बुधा उघड बोलला: पदरात पडतंय ते आधी घ्या, राईचं मागून बघू. मनातून मी त्याच्या बाजूचा.

हौसाबाई: “हिरडा पुढल्या साली बी लागंल. फरशी टाकल्याली राई परत उगवंल काय?”

मागून कोणी तरी: “बाकडी टाकली की म्हातारे तूच पयली बसशील!”

“बसंन की. तुला उठवायला.” हशा. मग हात वर. राईसकट, एकच दावा. विरुद्ध चार, त्यांत बुधा. ठरावावर पहिली सही अध्यक्ष म्हणून त्याचीच. पेन मागताना कुरकुरला नाही.

मसुद्यात मी ‘नम्र विनंती’ लिहिले होते. चुलतीने थांबवले. “इनंती कशाची? ठरलंय त्ये कळव.”

खोडले. ‘ग्रामसभा कळवते की...’

२७ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. ठरावाची एक प्रत उपविभागीय कार्यालयाला धाडली, दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयात दिली, पोच घेतली. अकराला बुधाचा फोन: राईच्या वाटेवर फरश्यांचा टेम्पो आलाय, बायका आडव्या बसल्यात.

म्हटले, निघतो.

“तू हितं येऊन काय करणार हायेस? बसायला मानसं हायेत. सायबाच्या दारातनं हलू नको. काम थांबवल्याचं लेखी घे. ग्रामसभा सांगतीय.”

जिल्हाधिकारी साहेब बैठकीत. शिपाई दोनदा म्हणाला, “काका, उद्या या.” दोनदा सांगितले, “बसतो.” चारला पुन्हा फोन: टेम्पो जागचा हललेला नाही, ड्रायव्हरला बायकांनी भाकरी दिली, हौसाबाई त्याच्या आईची चौकशी करते आहे.

पावणेसहा. बैठक सुटली. आतून माझे नाव पुकारले आहे.

रा. चिं. केंगले
पुणे, २७ जानेवारी