एलएनएल आलं की भात टाकायचा

अहो,

इतकी वर्षं तुम्ही मला तीन अक्षरांत निरोप दिलेत. आज मी तुम्हाला पानं भरून लिहिणार आहे आणि तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागणार आहे. मध्येच "बरं, पुढं?" म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालायची सोय आता तुम्हाला नाही.

लिहायला बसले त्याला कारण तुमची लेक. परवा सकाळी तिचा मेसेज आला. काय, तर 'एनएजी'. संपलं. पोरगी पहिल्यांदा विमानात बसली, पहिल्यांदा एकटी परक्या गावी कंपनीचं मशीन बसवायला गेली, आणि आईला काय कळवलं? एनएजी. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते, ती तशीच टाकली. नागपूरला पोचले, बरी आहे, चहा घेतला, एवढं लिहायला काय बोटं झिजतात का?

हे खूळ कुणी शिकवलं तिला? तुम्हीच ना!

इथल्या जवळच्या आंबी गावातल्या कारखान्यातून तुम्हाला बाहेरगावी मशिनी बसवायला पाठवायला लागले, तेव्हा प्राजू लहान होती. विमानातून उतरलात की त्या विमानतळाची तीन अक्षरं पाठवायची, म्हणजे पोचलो. हा तुमचा नियम. मला कुणी विचारलं नव्हतं. मग जेवताना तुमची परीक्षा सुरू व्हायची. "प्राजू, कोची?" "सीओके." "चेन्नई?" "एमएए." पोरगी धडाधड सांगायची आणि तुम्ही तिच्या ताटात आपला पापड ठेवायचात. मग माझ्याकडे वळायचात. मी काय कमी होते? दिल्ली, हैदराबाद सोपीच होती. घोळ व्हायचा तो आयएक्सवाल्यांचा. बागडोगरा आयएक्सबी, रांची आयएक्सआर, चंडीगड आयएक्ससी. सगळी एकाच आडनावाची भावंडं, माझी हमखास अदलाबदल व्हायची. आणि पुण्याच्या पीएनक्यूमध्ये तो क्यू कुठून आला, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं! "असतो तसाच," म्हणायचात. इतक्या वेळा तिथून उडालात, कुणाला विचारावंसं नाही वाटलं?

पण शिकले मी. शिकावंच लागलं. नाहीतर नवरा कुठं आहे हे मला शेजारणीला सांगता आलं नसतं.

घरचा कोड तेवढा मला आवडायचा. "आपल्या लोणावळ्याला कुठं विमानतळ आहे?" असं मी म्हणाले होते, तर तुम्ही म्हणालात, "रेल्वेनं दिलाय की. एलएनएल." मग तुमची गाडी एक्सप्रेसवेवरून लोणावळ्यातल्या आपल्या वलवणला खाली उतरली की एलएनएल यायचं आणि मी भात टाकायची. तांदूळ आधीच धुऊन ठेवलेले असायचे. तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत वाफ जिरलेली. आपला इंद्रायणी भात गरम असतानाच खावा, थांबला की त्याचा गोळा होतो. शनिवार-रविवार असला की मात्र माझी पंचाईत. पर्यटकांच्या गाड्यांत तुम्ही अडकायचात आणि इकडे भात चिकट. तरी जेवताना "मस्त झालाय" म्हणायचात. तेवढं एक वाक्य मात्र पुरं बोलायचात.

आता माझी तक्रार ऐका. त्या तीन अक्षरांत माणूस कुठं आहे ते कळतं. कसा आहे ते कुठं कळतं?

त्या दिवशी दुपारी पीएनक्यू आलं. मी नेहमीसारखा अंगठा पाठवला आणि तांदूळ धुवायला घेतले. तुमच्याबरोबर आलेल्या सहकाऱ्यानं नंतर सांगितलं, विमानातच तुमच्या छातीत दुखत होतं. "ॲसिडिटी असेल," म्हणालात त्याला. घाम पुसत पुसत मला मेसेज केलात, बॅग येते तिथं जाऊन उभे राहिलात आणि खाली बसलात ते उठलाच नाहीत. म्हणजे पीएनक्यू दाबलंत तेव्हा दुखत होतं ना? मग? दोन शब्द जास्त लिहिले असते तर काय झालं असतं? मला माहीत आहे, मी वलवणला बसून काही करू शकले नसते. डॉक्टरही तेच म्हणाले. पण मला कळलं असतं. तुम्ही दुखणं काढत होतात आणि मी इकडे रेडिओ लावून तांदूळ धूत होते, हे तरी झालं नसतं.

दवाखान्यातून पहिला फोन प्राजूला गेला, ती तेव्हा पुण्यात शिकायला होती. मला कुणी काही सांगितलंच नाही. संध्याकाळी संतोष भाऊजी आले. तुमचे भाऊ, त्यांना धड खोटंही बोलता येत नाही. दारातच उभं राहून म्हणाले, "वैनी, भाऊंना जरा बरं न्हाई. पुन्यात दाखवलंय. येत्यात घेऊन."

"मग तुम्ही हितं काय करताय? तुम्ही जायचं ना," मी म्हणाले.

"प्राजू हाय तितं. तुमी बसा जरा."

हळूहळू बायका जमायला लागल्या. मला काही विचारायचं नव्हतं. बरं नाही तर बरं नाही, घरी येतायत ना, एवढंच मी धरून बसले होते.

आणि माझा फोन वाजला. तुमच्या नंबरवरून मेसेज. एलएनएल.

मी उठले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आले बघा, वलवणला उतरले," आणि आत जाऊन भात टाकला. एकीनंही मला अडवलं नाही. पाण्याला आधण आलं, तांदूळ वैरले, झाकण ठेवलं, तेवढ्यात शेजारच्या शांतामावशी आत आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं गॅस बंद केला. म्हणाल्या, "आज आपल्या घरात चूल न्हाई पेटवायची, सुनंदे. चल भाईर." बाहेर तुमची गाडी आली होती. तसली गाडी. पुढच्या सीटवर तुमचा फोन मांडीवर घेऊन प्राजू बसली होती.

म्हणजे तो मेसेज तुमच्या लेकीनं पाठवला होता.

तुमचं सगळं झालं, दहावा झाला, तेरावा झाला, पण हे माझ्या मनातून गेलं नाही. मेलेल्या बापाच्या फोनवरून आईला 'पोचलो' म्हणून कळवायचं? तुम्ही नाही आहात हे मला त्या अर्ध्या कच्च्या भातावरून कळलं. मी तिला काही बोलले नाही. पण त्यानंतर घरात कुणी यायचं असलं की मी भाकरी करायला लागले. मेसेजवर भात टाकायचं सोडलंच.

आणि तिनं नोकरी कुठली धरावी? तीच. तसलीच मशिनी बसवायची, तसंच विमानानं फिरायचं. धरली तेव्हा गप्प बसले, म्हटलं बघू. पण परवा एनएजी आलं आणि माझा बांध फुटला. लगेच फोन लावला.

"हे काय?" मी म्हणाले.

"काय म्हणजे? पोचले. पप्पांसारखं."

"पप्पांचं नाव नको घेऊस. कोड पाठवायचा नाही मला. परत आलीस की राजीनामा दे. माझ्यानं हे पुन्हा होणार नाही."

ती म्हणाली, "आई, तू त्या मेसेजचा राग धरलायस ना?"

मी म्हणाले, "धरू नको तर काय करू? मी भात टाकला गं. बायका बघत होत्या."

"मला भाताचं आठवलंच नाही," ती म्हणाली. "गाडी वलवणला खाली उतरली. पप्पांनी तिथं मेसेज केला नाही असं कधी झालंय का? त्यांचा फोन माझ्या हातात होता. ते घरी येत होते आई. कुणीतरी तुला सांगायला नको?" मग रडायला लागली. "आणि ते मेसेज काय तुला एकटीलाच यायचे? हॉस्टेलवर मला पण यायचे. तुझ्याबरोबर मला पण पीएनक्यू आलं होतं. मी पण अंगठाच पाठवला."

हे मला माहीतच नव्हतं हो. तुम्ही आम्हा दोघींना एकदमच पाठवायचात, हे मला तुम्ही गेल्यावर कळतंय. हेसुद्धा तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

मी फोन ठेवला. राजीनाम्याचा शब्द परत घेतला नाही. दोन दिवस आमच्यात एक अक्षर नाही. माझाच हट्ट, तिच्यातही तोच उतरलाय, ते तुम्ही म्हणायची गरज नाही.

आज ती यायची आहे. दुपारी मेसेज आला. वरचीच तीन अक्षरं बघून मी फोन उपडा ठेवणार होते, पण त्याच्याखाली आणखी होतं. तिचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते:

"पीएनक्यू. डावा कान दुखतोय. बॅग अजून आली नाही. सकाळपासून जेवले नाही, ओरडू नकोस. छातीत वगैरे काही नाही. तू राजीनामा म्हणालीस तेव्हापासून झोप नाही. काम मात्र चांगलं झालं, मशीन पहिल्याच झटक्यात चालू झालं."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. अहो, एवढंच हवं होतं मला. तुमच्याकडून एवढंच.

अंगठा पाठवला नाही. कानात कापूस घाल, बॅग आल्याशिवाय निघू नकोस आणि वाटेत काहीतरी खा, असं सगळं लिहिलं. मला मराठीत टाइप करायला वेळ लागतो, पण लिहिलं.

तर आता तुम्हाला शब्द देते. राजीनाम्याचं मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. ती जाईल तिकडे जाऊ दे, नवे कोड येतील ते पाठ करीन, आयएक्सवाल्यांसकट. पण अक्षरांवर तिला सोडणार नाही, रोज विचारीन, कशी आहेस. आणि त्या मेसेजचा राग आज संपला. तुम्हाला घरी आणल्याचं कुणीतरी मला कळवायला हवंच होतं, तिनं कळवलं.

तांदूळ धुऊन ठेवलेत. तुमच्यावेळचा भात अर्धा कच्चा राहिला होता. आजचा पुरा शिजवणार आहे.

थांबा, फोन वाजला. एलएनएल. खाली लिहिलंय, "भूक लागलीय."

उठते.

तुमची,
सुनंदा