वेणीवालीचं भाषांतर

३ सप्टेंबर, मंगळवार

परदेशातला पहिलाच तास आणि पहिलीच फजिती! माझं इंग्रजी मुलांना कळेना, त्यांची भाषा मला. नववीचा वर्ग, छत्तीस जणं, सगळी टकामका बघत बसलेली. हवेचा दाब शिकवायचा होता. दाबाला इथे काय म्हणतात ते सकाळपासून घोकलं होतं. ऐटीत म्हणाले — आणि वर्ग खो खो हसायला लागला! मुख्याध्यापकांना इंग्रजी येतं. दारातूनच म्हणाले, "बाई, तुम्ही 'हवेचा जावई' म्हणालात."

संध्याकाळी फोनवर ह्यांना सांगितलं. "मग बरोबरच आहे. तोही कुठूनही आत शिरतो." आपल्याच जावयाबद्दल! लेकीनं ऐकलं असतं म्हणजे?

५ सप्टेंबर, गुरुवार

आख्खा तास हातवाऱ्यांवर. दंड भरून आलेत.

११ सप्टेंबर, बुधवार

देव पावला! काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवला, ग्लास उलटा केला. पाणी सांडलं नाही. मुलं अवाक! मी इंग्रजीत कारण सांगायला लागले, तर एक लांब वेणीवाली मुलगी उठून सरळ माझ्या शेजारी येऊन उभी. मी एक वाक्य बोलून थांबायचं, मग तिनं वर्गाला सांगायचं. "इंग्लिश येतं तुला?" "येस टीचर!" हुश्श.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आमची जोडी मस्त जमलीये. मी दोन वाक्यं बोलले की ही दहा बोलते! गाल फुगवते, फळ्यावर बाण काढते, मुलांशी वादही घालते. ऐसपैस भाषा दिसते इथली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मुख्याध्यापकांनी बोलावलं. पुढच्या महिन्यात तपासनीस बाई येणार, मुलांना तोंडी प्रश्न विचारणार. उत्तरं आली तर माझा करार वाढेल, नाहीतर जानेवारीत घरी. इतक्या वर्षांची माझी हौस — परदेशात शिकवायची — चार महिन्यांत आटोपायची?

हे म्हणाले, "ये की मग. मला कुकर लावता येतो आता." लबाड! शिट्ट्या किती करायच्या ते रोज मलाच विचारतात.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी चक्क चुकीचं शिकवलं. "डोंगरावर जावं तसा हवेचा दाब वाढतो" — असं बोलून गेले! घरी आल्यावर लक्षात आलं. कपाळाला हात लावला. वह्या तपासायला घेतल्या, तर सगळ्यांच्या चित्रात पायथ्याशी जाड बाण, शिखरावर बारीक. अगदी बरोबर! वेणीवालीनं नीट ऐकलं नसेल. नशीब माझं.

४ नोव्हेंबर, सोमवार

तपासनीस बाई येऊन गेल्या. जाड चष्मा, कपाळावर आठी. एकेकाला उभं करून विचारत होत्या. मला शब्द कळत नव्हता, नुसती तोंडं बघत होते. एकही मूल अडखळलं नाही! एकीनं तर उठून नळीनं पाणी ओढून दाखवलं, वर बाईंनाच उलटा प्रश्न विचारला. बाई हसल्या! मुख्याध्यापक नंतर म्हणाले, "पाठ केलेलं नाही, मुलांना समजलंय, असं लिहिलंय त्यांनी."

करार दोन वर्षांनी वाढला! ह्यांना कळवलं. म्हणाले, "बरं. पोळ्याही शिकतो."

५ नोव्हेंबर, मंगळवार

इंग्रजीच्या सरांकडे वेणीवालीचं कौतुक करायला गेले. ते म्हणाले, "ती? दोनदा नापास झालीये माझ्याकडे. 'येस टीचर'च्या पुढे गाडी जात नाही तिची."

तिला बोलावलं, सरांना मध्ये घेऊन विचारलं, "मग इतके दिवस वर्गाला काय सांगत होतीस?"

मान खाली. "बाई प्रयोग करतात, तो मी बघते. घरी पुस्तक वाचते. मग असं का झालं असेल, ते सांगते."

उद्यापासून प्रयोग मी करणार. मध्ये तोंड घालणार नाही.