अजून थोडी मागे

४ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे भाड्याच्या घरी! सामान चढवताना कंबरडं मोडलं, पण वरच्या खोलीची खिडकी उघडली आणि शीण कुठल्या कुठे पळाला. समोर शेजारचं गव्हाचं शेत, मधोमध बांध, बांधावर एकुलतं एक झाड, मागे निळसर टेकाड. आयतं चित्रच! खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेडाची कटकट नाही. खोकी खाली तशीच टाकून मी ईझल मांडून मोकळा. बायको म्हणाली, संसार मी लावते, तू गवत रंगव. माझ्या निसर्गचित्रांना ती लग्नापासून गवतच म्हणत आलीय.

६ तारीख, बुधवार
शेतात रोज एक माणूस दिसतो. पांढरा सदरा, खांद्यावर फावडं, आमच्याच दिशेनं चालत असतो. काल शेजारी येतोय म्हणून बायकोनं चहाला आधण जास्तीचं ठेवलं. आलाच नाही. आजही तेच. ती म्हणाली, अगदी तुझ्यासारखा आहे, निघतो थाटात आणि पोचत नाही.

चित्र छान चाललंय, पण त्यात माप कळत नाही. झाड केवढं, शेत केवढं? झाडापाशी एक माणूस उभा हवा. हा सदरेवाला काही एका जागी थांबेना. उद्या बायकोलाच लाल स्वेटर घालून उभी करतो. एवढ्या हिरव्यात लाल ठिपका, बस्स.

७ तारीख, गुरुवार
कुरकुरत गेली. मी खिडकीतून हातवारे करत होतो, अजून थोडी मागे, अजून थोडी. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे, असं ओरडून शेवटी झाडापाशी उभी राहिली. झकास! ठिपका जमला, तशी हातानंच खूण केली, ये. ती निघाली.

मी ब्रश धुतले, पॅलेट पुसली. ती चालतच होती. सवयीनं हात लांब करून ब्रशच्या दांड्यावर तिची उंची मापली. झाडापाशी ती अंगठ्याच्या नखाएवढी भरली होती. आता त्याहून कमी भरली.

धावत शेतात गेलो. कोणीच नाही. ना ती, ना सदरेवाला. पुन्हा वर आलो, तर खिडकीतून दिसत होती, चालताना. जिवाच्या आकांतानं हाका मारल्या, दोन्ही हात हलवले. तिनं मान वर केली आणि धावत सुटली. धावता धावता लहान झाली.

८ तारीख, शुक्रवार
पोलिसांनी शेत पालथं घातलं. काही नाही.

घरमालकीणबाई आल्या. सदरेवाला त्यांचा थोरला भाऊ. शेतातून जेवायला म्हणून घरी निघाला होता. त्यांची आई याच खिडकीतून त्याला हाका मारायची. हाक ऐकली की तो धावायचा, आणि जेवढा धावायचा तेवढा लहान व्हायचा. खिडकीत कुणी दिसलं नाही, तर थांबतो. थांबला की निदान तेवढाच राहतो. म्हणून खिडकी बंद ठेवली होती. आम्ही आलो, आणि तो पुन्हा चालायला लागला.

आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी अंगावर धावून गेलो. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत तो संपला असेल असं वाटलं. शिवाय चित्रकार माणूस, वर बसूनच रंगवेल.

म्हणजे मीच बोलावलं. मीच पळवलं तिला.

९ तारीख
अजून धावतेय. चित्रातल्या ठिपक्याहून लहान. थांब म्हणून हात वर केला, तर तिला वाटलं बोलावतोय — आणखी जोरात —

अगं थांब ना! थांब!

खाली बसलो की थांबत असेल. पण बघितल्याशिवाय कसं राहू — बघायला उठलो की मी दिसतो — की पुन्हा —

१० तारीख
चेहरा नाही दिसत. नुसतं लाल. पडली. उठली. माझ्याकडेच —

खिडकी बंद करायलाच हवी. जगेल तरी. माझ्या हातात एवढंच.

दुपारी
केली. फळ्या ठोकल्या. माझा मलाच भरवसा नाही.

आता थांबली असेल. एकटी, या फळ्यांकडे बघत. का ठोकल्या ते तिला कोण सांगणार — तिला वाटेल, मी तिला —