काजळीच्या कागदाचा वारस

माझ्या हाताने केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे मागाहून कोणी "बाजारातून आणल्या" म्हणायला नको: खाटकाकडच्या बोकडाच्या रक्तवाहिनीची पट्टी कोमट खारट पाण्यात टांगायची काचेची भांडी सोळा, पट्टी आखडली की वर उचलल्या जाणाऱ्या गवताच्या काडीच्या तरफा अकरा, काजळी धरलेल्या कागदावर तरफेची रेघ उमटवणारा फिरता ड्रम एक, आणि सातवीत शाळा सुटलेला मी स्वतः.

मी, औषधांच्या प्रयोगशाळेतला काचवाला, वय छप्पन्न, डोके ठिकाणावर, रक्तदाब आज सकाळी एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

राहते घर बायकोला. स्वयंपाकघरातला नळ "या रविवारी" दुरुस्त करतो म्हणता म्हणता एकोणीस वर्षे गेली. तोही गळक्या स्थितीत तिलाच.

फुंकणी व हत्यारे जावयाला, पण एका औषधानंतर दुसरे घालण्याआधी भांडे तीनदा धुतो असे त्याने दाखवल्यावर. एकदा धुऊन "झालं की, मामा" म्हणणाऱ्याला माझी चिमटीही मिळणार नाही.

थोरल्या भावाने व्याह्यांसमोर मला "आमचा धूर खाणारा" म्हटले होते. त्याला आरामखुर्ची. तिचा डावा पाय मी पाच मिलिमीटर आखूड केला आहे. पाचच, कारण दादा रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, फार हेलकावे नकोत.

काजळीचा कागद क्रमांक ४१२ मुलीला, ती त्याच प्रयोगशाळेत आहे म्हणून. गेल्या वर्षी एका कंपनीचे साहेब रक्तदाबाचे नवे औषध घेऊन आले. अ‍ॅड्रिनॅलिनने पट्टी आखडते. हे औषध आधी घातले तर आखडू नये, एवढीच परीक्षा. तरफ हलली नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. मी त्यांची अ‍ॅड्रिनॅलिनची बाटली उजेडात धरली, तर गुलाबी, म्हणजे शिळी. नवे औषध न घालता नुसते तेच अ‍ॅड्रिनॅलिन कोऱ्या पट्टीवर घातले. तरी तरफ ढिम्म. मग ताजे कालवले आणि त्यांचे औषध असलेल्या भांड्यात घातले. काडी नेहमीच्या सत्तेचाळीस मिलिमीटरवर, आणि तीच रेघ ४१२ वर आहे. औषध कशालाच अडवत नव्हते.

साहेब माझ्या बाकाशी येऊन बसले. "काचवाले, काजळीच ती. पुसली जाते."

"वार्निश मारलंय, साहेब."

ते औषधाच्या मंजुरीसाठी पुन्हा अर्ज करणार आहेत. म्हणून मुलीने कागद मागेल त्याला दाखवावा, हातात देऊ नये. ही गोळी उद्या दादाच्या ताटाशेजारीही येऊ शकते.

साक्षीदार: १. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई, ज्यांनी ४१२ पाहून अहवाल थांबवला. २. शेजारचे घड्याळजी.
ठिकाण: माझे बाक. दिनांक १४ मार्च.
सही: काचवाला

ताजा कलम: साहेब कशाला आले होते, असे बायकोने विचारले तेव्हा मी "भांड्यांसाठी" म्हणालो. तिने आता बसून घ्यावे. कागद पुसून टाकण्यासाठी त्यांनी देऊ केलेली व मी नाकारलेली रक्कम ४०,००,०००. अक्षरी चाळीस लाख फक्त.