सगळे निळे एका जागी

रविवार, ८ फेब्रुवारी

घूं गेली नाही.

अँप्लिफायरचा बॉक्स तिसऱ्यांदा उघडला, तिसऱ्यांदा बंद केला. गाणं लावलेलं नसतानाही स्पीकरमधून एकसारखी घूं — जुन्या फ्रिजसारखी. अपूर्व शेडच्या दारातून म्हणाला, "रेडीमेड घेऊन टाक ना. नेक्स्ट डे डिलिव्हरी आहे." नवरा भला आहे, पण काही गोष्टी त्याला कळायच्या नाहीत.

बाबांनी उभ्या जन्मात रेडीमेड अँप्लिफायर घेतला नाही. नागपूरला, इंदोऱ्यात, आमची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. १४ एप्रिलच्या जयंतीच्या आधी महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नसायची. ट्रान्सफॉर्मर, वायरींची भेंडोळी, आणि तो सोल्डरचा वास! परवा साउथहॅम्प्टनच्या या गारठलेल्या शेडमध्ये तोच वास आला आणि मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले.

१८ एप्रिलला, शनिवार गाठून, इथल्या मंडळाची जयंती आहे. साउंड माझा, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय.

मंगळवार, १० फेब्रुवारी

खरं कारण जयंती नाही. इथे लिहायला काय हरकत आहे.

बाबांचे शेरे दोनच. 'चालेल' आणि 'स्वच्छ'. मला कायम 'चालेल'. ते एक्क्याऐंशीचे झाले, मी एकोणपन्नासची. एकदा 'स्वच्छ' ऐकायचंय.

रविवार, १५ फेब्रुवारी

बाबांना व्हिडिओ कॉल. म्हटलं, घूं ऐकवते. "ऐकवू नको, दाखव. झाकण काढ. अजून जवळ घे."

बराच वेळ बघत राहिले. मग — "निळे कुठं हायेत?"

विसरलेच होते मी! इथल्या पद्धतीप्रमाणे ग्राउंडला काळ्या वायरी वापरल्या. बाबांच्या अँप्लिफायरमध्ये ग्राउंडची प्रत्येक वायर निळी. निळीच का, असं लहानपणी विचारलं तर म्हणायचे, "आपली हाये म्हणून." आणि नियम एकच: सगळे निळे एका जागी आले पाहिजेत. बॉक्सला एकच स्क्रू, सगळे त्या स्क्रूवर. एक जरी भलतीकडे गेला, की घूं. वस्तीतली दोन मंडळं मिरवणुकीवरून भांडली तेव्हाही त्यांनी हेच सुनावलं होतं म्हणे.

माझ्या काळ्या वायरी चार ठिकाणी जोडलेल्या. काळ्या होत्या म्हणून त्यांना एकत्र आणावं हे सुचलंच नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

निळी वायर मागवली. पंचवीस मीटर. लागणार दोन.

रविवार, १ मार्च

सगळे निळे एका स्क्रूवर. घूं पुष्कळ कमी झाली. गेली मात्र नाही.

बाबांनी जुनी परीक्षा घेतली. स्पीकर आडवा झोपवायचा, त्यावर काळा कागद, कागदावर चिमूटभर रवा. गाणं लावायचं नाही, नुसतं चालू करायचं. घूं असेल तर रवा थरथरतो. दुकानात बाबा हे फक्त शेवटी, गिऱ्हाइकासमोर करायचे. आता कॉल लागल्यालागल्या तेच. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

रवा थरथरला. थोडासाच.

"चालेल," बाबा म्हणाले.

मी विचारलं, जेवण झालं का? म्हणाले, "हो, निळीच बरी." वहिनीने मागून त्यांच्या खांद्याला हात लावला. नेटवर्क वाईट असणार.

रविवार, १५ मार्च

इथला मदर्स डे. मायराने कार्ड दिलं. सोळा वर्षांची घोडी, पण मराठीत लिहिलंय — 'माझी आई खूप हुशार आहेत.' फ्रिजवर लावलं.

शनिवार, २१ मार्च

सापडला! इनपुटच्या सॉकेटची कडा बॉक्सच्या पत्र्याला टेकत होती. एक निळा चोरून दुसरीकडे भेटत होता. मध्ये प्लास्टिकची चकती घातली. कान स्पीकरला लावून बसले. काही नाही. अगदी काही नाही.

रविवार, २२ मार्च

म्हणाले. स्वच्छ म्हणाले.

मायराने फोन धरला होता. रवा टाकला, चालू केलं. मी बोलत होते, हे बघा बाबा, ते बघा बाबा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं. पुरतं मिनिट गेलं. मग मागे सरकले आणि म्हणाले, "स्वच्छ."

मग कागद काढला, स्पीकर उभा केला, जयंतीला ते नेहमी पहिलं लावायचे ते गाणं लावलं. बाबा मान डोलवत होते. मी किचनमध्ये जाऊन रडून आले. चहा उतू गेला, तोही पुसला.

सोमवार, २३ मार्च

नाश्त्याला मायरा म्हणाली, "सॉरी आई, काल कॉल पूर्ण वेळ म्यूटवर होता. एको येत होती म्हणून मी केला, मग विसरला."

पूर्ण वेळ. म्हणजे बाबांनी काहीच ऐकलं नाही. तरी 'स्वच्छ'? तरी मान डोलवली? मला बरं वाटावं म्हणून? संताप आला. शेरे वाटत सुटणारा माणूस नव्हता हा.

नागपूरला मिलिंददादाला फोन केला. तो म्हणाला, "त्यांना दीड वर्षापासून ऐकू येत नाही. कानाच्या मशीनचाही उपयोग होत नाही. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

मायराला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "मला माहीत होतं. आजोबा तुझा तोंड बघतात. तू आणि बाबा फास्ट मराठी बोलतात तेव्हा मी पण तसंच करते."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते.

मंगळवार, २४ मार्च

मायराने परवाचा स्क्रीनशॉट पाठवला. 'स्वच्छ' म्हणण्याच्या आधीचा. बाबा माझ्या तोंडाकडे बघत नाहीयेत. रव्याकडे बघतायत. मिनिटभरात एक कण हलला नव्हता.

रविवारी परत फोन करायचाय. गाणं लावणार आहे, पण स्पीकर आडवाच ठेवून. काळा कागद जपून ठेवलाय. रवा आहे घरात.