मासे दाखवणारं यंत्र

९ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र आलं! खोका एवढा मोठा की वाटलं आत निदान मिक्सर तरी असेल. उघडलं तर निम्मा थर्माकोल. तळहाताएवढा पडदा, वायरींचं भेंडोळं, एक पुस्तिका आणि साबणाच्या वडीसारखा काळा ठोकळा. हा ठोकळा होडीच्या मागे पाण्यात बुडवून ठेवायचा. तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. मासे कुठे आहेत, पाणी किती आहे, तळ कसा आहे, सगळं. दिरांनी आपल्या होडीसाठी घेतलं, असं धक्क्यावर सांगितलंय. कुणीतरी बोललंच — आता मासे टीव्हीवर बघून धरणार काय!

मला मासे नकोत. मला ह्यांचं प्रेत पाहिजे. लिहून टाकलं एकदाचं. हे वाक्य घरात कुणापुढे बोलता येत नाही.

हे धुक्यात जाळी उचलायला म्हणून गेले ते गेलेच. दुसरा महिना लागला. माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवाल्याने शेवटचं पाहिलं ते वळणापलीकडे जाताना, रेती उपसून उपसून जिथे खाडीत खड्डे पडलेत तिकडे. नंतर तिथेच एक वल्हं आणि पेट्रोलचा डबा तरंगताना मिळाला. शोधपथक आलं, गळ टाकले, चहा प्यायलं, गेलं. पाणबुड्या मात्र आपणहून उतरत राहिला. होड्यांच्या पंख्यात अडकलेली जाळी सोडवणं हे त्याचं काम, खरं नाव त्याचं त्यालाही आठवत नसेल. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. शेवटी म्हणाला, "वहिनी, आंधळ्यासारखा चाचपतोय मी. कुठं उतरू तेवढं सांगा, बाकी माझ्यावर सोडा."

म्हणून हे यंत्र.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दीर बॅटरी घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडणी. लाल वायर लालला, काळी काळ्याला — एवढंच काम, तेही उलटं केलं आणि फ्यूज उडवला. दुसरा आणायला गेले ते बरोबर जेवायच्या वेळी उगवले. ह्या बाबतीत अगदी भावावर गेलेत.

चालू केल्याबरोबर यंत्राने विचारलं, होडीवर बसवलंय की डेमो बघायचा? दीर म्हणाले, डेमो दाबा, आधी शिकू तरी. दाबलं. आणि टेबलावर मासे पोहायला लागले! मासा माशासारखा दिसत नाही, छोट्या कमानीसारखा दिसतो. खाली तळाची जाड पिवळी रेघ, कोपऱ्यात खोलीचा आकडा. ओट्याशी उभ्या सासूबाईंनी वळून बघितलं आणि विचारलं, घरात पाणी कुठलं आलं? दिरांनी समजावलं — हा नुसता नमुना, पाण्यात घातलं की खरं दाखवेल.

सासूबाई हसल्या. किती दिवसांनी! मग विचारलं, ह्यात माणूस दिसतो का. दिरांनी पुस्तिका उचलली आणि वाचायचं सोंग केलं. मी यंत्र बंद केलं.

सासूबाईंच्या लेखी हे जिवंत आहेत. रोज दुपारी धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसतात आणि परतणाऱ्या प्रत्येक होडीला विचारतात, दिसला का माझा. आधी लोक थांबून बोलायचे. आता लांबूनच मान हलवतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

कामावर, शेडमध्ये जाळी सांधताना दोनदा जाळ्याचा चुकीचा डोळा उचलला. मुकादमिणीने न रागावता सोडवून दिला. त्याचाच राग आला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठोकळा बसवला. होडीला भोक पाडायचं म्हटल्यावर दिरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच पाठीला पाडायचंय. शेवटी ठोकळा एका फळीला स्क्रूने आवळला आणि फळी होडीच्या मागच्या बाजूला शिकंज्याने धरली. तोंड बरोबर खाली हवं. पंख्याच्या फार जवळ नको, नाहीतर बुडबुड्यांनी चित्र फाटतं. वायर इंजिनाच्या वायरीपासून लांब. हे सगळं मी वाचून सांगायचं आणि त्यांनी "माहितीये" म्हणायचं.

काम चाललं होतं तेव्हा सासूबाई बाकावर होत्या. एकदाही इकडे आल्या नाहीत. येताना मी हात धरला तर सोडवून घेतला. म्हणाल्या, तुला तो मेलेला सापडायची घाई झालीय. खरंच झालीय. मला रडायचं की वाट बघायची, ते एकदा ठरायला हवंय. दोन्ही एकदम जमत नाही मला. कपाटात ह्यांचे सदरे तसेच आहेत. काढवत नाहीत आणि बघवत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सापडली. सापडली होडी!

ओहोटी थांबल्यावर निघालो. दीर मागे, मी पुढे पडदा मांडीत घेऊन. वळण ओलांडलं. तिथल्या पाण्याचा अंदाज आता कुणालाच नाही. रेतीवाल्यांनी कुठे किती खणलं ते त्यांनाच ठाऊक. पडद्यावर बेचाळीस फूट आलं. दीर म्हणाले, असेलही, खड्डाच आहे. मासेच मासे, थवेच्या थवे. दीर खूश झाले आणि माझ्यासमोर खूश झाले म्हणून ओशाळले. माझं लक्ष तळाच्या रेघेवर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी नजर हलवली नाही.

आणि ती आली. तळावर एक उंचवटा, एका बाजूला उभा कापल्यासारखा, दुसरीकडे निमुळता. मी थांबा म्हणेपर्यंत पुढे सरकलीसुद्धा. दिरांनी वाकून बघितलं. म्हणाले, "होडीच आहे ही, वहिनी." दगडाला दोरी, दोरीला रिकामा डबा बांधून तिथे खूण सोडली.

पाणबुड्या उतरून खात्री करेपर्यंत घरी सांगायला नको होतं. पण माझ्याच्याने राहवलं नाही. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग अशा रडल्या की शेजारीण दार न वाजवता आत आली. आतापर्यंतचं सगळं एकदम. मीही रडले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१५ फेब्रुवारी, रविवार

पेनाचं टोक कागदात घुसतंय. रागाने.

पाणबुड्या डब्यापाशी उतरला आणि लगेच वर आला. म्हणाला, तळ लागला की. दोन पुरुषही पाणी नाही, नुसता चिखल आहे. दीर हटून बसले — बेचाळीस फूट आहे! पाणबुड्याने बांबू मागितला आणि उभा रोवला. निम्मा पाण्याबाहेर. काल सोडलेल्या डब्याची दोरी सगळी सैल वर तरंगत होती. ती बघूनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पडद्यावर बेचाळीसच.

मी मागे गेले, शिकंजा सोडवला आणि फळीसकट ठोकळा पाण्याबाहेर काढला. हातात धरून उभी राहिले. पाणी ठिबकत होतं. पडद्यावर मासे तसेच पोहत होते. थोड्या वेळाने तीच होडी तळावरून पुन्हा गेली.

डेमो! मंगळवारचा नमुना. पाण्यात घातलं की आपोआप खरं दाखवेल, असं आम्ही धरून चाललो. तो बंद करावा लागतो, हे कुणाच्या गावीही नाही. त्या दिवशी टेबलाशी जरा जास्त वेळ बसलो असतो तर ही होडी तिथेही आली असती. मासे दिसले तेवढ्यावरच हुरळलो! कुठल्या तरी दुसऱ्याच पाण्यातली, दुसऱ्याच कुणाची बुडालेली होडी बघून आम्ही रडलो.

येताना दिरांनी एकदा यंत्र पाण्यात भिरकावायला उचललं. पाणबुड्याने ते नुसतं काढून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

घरी सासूबाईंनी ह्यांचे सदरे धुऊन वाळत घातले होते. सगळे. मला काढवत नव्हते ते. द्यायचे म्हणाल्या, कुणाच्या तरी अंगाला लागू देत. मी खाली मान घालून झालेलं सांगितलं. वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. त्या बराच वेळ दोरीवरच्या चिमट्यांशी चाळा करत राहिल्या.

"होडी नसेल ती," त्या म्हणाल्या. "पण तो गेलाय. काल माझ्या पोटाला कळलं ते. आता मला परत फिरवू नका."

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानदाराला फोन. त्याने आधी विचारलं, मासे चांगले लागतायत ना? मग सांगितलं — सेटिंगमध्ये जा, डेमोच्या पुढची खूण काढा, बंद करून परत चालू करा. एवढंच. बोटाने एकदा दाबायचं काम.

सासूबाई आज बाकावर गेल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खरं पाणी फार कंटाळवाणं असतं. एखाद-दुसरी कमान, ती पण चुकार. नऊ फूट, अकरा, दहा, मग एकदम तीस. आज आधी प्रत्येक ठिकाणी बांबू टाकून आकडा ताडून बघितला. दीर कुरकुरले नाहीत. चिखल असला की रेघ पसरट आणि फिकी, कठीण असलं की बारीक आणि भडक. इंजिन वाढवलं की बुडबुड्यांनी पडदाभर कचरा. मग फळी खाली सरकवली.

अंगण झाडतात तसं करायचं ठरवलंय. एक पट्टा सरळ जायचं, वळायचं, शेजारचा पट्टा. कोपरा सोडायचा नाही. तीसच्या पुढचे खड्डे बरेच आहेत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एक झाड, बुंध्यासकट. एक पिंप. आणखी काही नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सदरे गेले. सासूबाईंनी पाणबुड्याला दोन दिले, म्हणाल्या तू एवढ्या थंड पाण्यात उतरतोस. बाकीचे शेडमध्ये वाटायला माझ्याकडे दिले. आज त्या नीट जेवल्या. मला म्हणाल्या, तूही जेव, शोधायचं असेल तर अंगात बळ पाहिजे. आता आमचं बरं जमतं. ज्याच्यामुळे ह्या घरात आले तो गेल्यावर! हे असताना आम्ही दोघी एकमेकींचं मीठ किती पडलं तेवढंच मोजत होतो.

मला विचारलंत तर ह्यांच्यावर जीव होता का — होता. त्यांचा माझ्यावर होता का, हे कधी विचारलं नाही. धड बोलायचेच नाहीत शेवटी शेवटी. जेवायचे, उठायचे, होडीवर जायचे. मला वाटायचं, दमतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यात लांबच्या खड्ड्यात, हमरस्त्याच्या बाजूला, छत्तीस फुटांवर काहीतरी भडक उमटलं. एक सरळ कड. मी दिरांना हाक मारली नाही. आधी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. परत फेरी मारली. कड तिथेच. आडवं गेलो, उभं गेलो, तिथेच. बांबू पुरेना, दगड बांधून दोरी सोडली, ती मोजली. छत्तीस.

घरी चकार शब्द काढला नाही. भाजी करपली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाणबुड्या बराच वेळ खाली होता. वर आला तेव्हा त्याने आधी श्वास घेतला, मग माझ्याकडे बघून मान डोलावली. ह्यांचीच. पुढच्या टोकाला आम्ही लावलेलं फायबरचं ठिगळ त्याच्या हाताला लागलं. मागचा भाग चिखलात रुतलाय, आत कोण आहे ते चाचपता आलं नाही. दोर बांधून आलाय. उद्या मोठ्या होडीने ओढायची.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. ह्या वेळी खरं, असंही सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बघायला मी येणार नाही, तू बघ.

मला भीती वाटतेय. एवढे दिवस पाण्यात. ओळखता येईल का? ओळखीचं काहीतरी असू दे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

होडी वर आली. आत कुणी नाही. इंजिन नाही. ओढून निघालेलं नाही, पान्याने नीट सोडवून नेलंय. तळाचं बूच काढलेलं. मागच्या भागात दगड भरलेली पोती, आमच्याच माळ्यावरची. तोंडं जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेली आणि टाके डावखुरे. घरात ह्यांच्याशिवाय डावखुरं कुणी नाही.

दिरांनी पोत्यावरचा टाका बोटाने चाचपला. मग म्हणाले, "मरायला निघालेला माणूस इंजिन काढून ठेवत नाही, वहिनी."

सासूबाई दारात उभ्या होत्या. सापडला का, म्हणून विचारलं. मी हातपाय धुवायच्या निमित्ताने आत आले ती अजून बाहेर गेलेले नाही. आत्ता कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरायला लागलाय. तो जिवंत आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?